घरघंटीच्या प्लगवरची गाडी

आमच्या संयमनं विजेची गाडी आणली तेव्हा मंचरची अख्खी गल्ली बघायला आली. आवाज नाही, धूर नाही, मांजरासारखी येऊन दारात उभी. मी नातवाला म्हटलं, "छान आहे. हिला खायला काय घालायचं?"

"वीज, दादी. घरचीच."

घरची म्हणजे माझ्या घरघंटीची! जाड पिनांचा प्लग आमच्याकडं एकच, पुढच्या खोलीत, पीठ दळायच्या घरघंटीचा. वेगळा चार्जर बसवायला अर्ज दिलाय म्हणे. तो मंजूर होईस्तोवर पठ्ठ्यानं घरघंटीची पिन उपटली आणि गाडीची खुपसली. वायर खोलीतून निघते ती उंबऱ्यावरून थेट गाडीच्या गालात. मी ज्वारी दळायची कधी? तर गाडीचं पोट भरल्यावर. आणि ते भरायला रात्र सरून दिवस वर येतो. साध्या प्लगवर असंच असतं, म्हणतो.

"एवढ्या वेळात तुझे पणजोबा पायी पुण्याला पोचायचे," मी म्हटलं.

तरी पहाटे बघावं तर गाडी उपाशीच. कारण मी. रिकाम्या खोलीत बटण चालू दिसलं की माझा हात जातोच. सून म्हणते, पंख्याखाली माणूस बसलेलं असलं तरी जातो.

"दादी, बटण तू बंद केलंस?"

"घरघंटी बंद, मग बटण कशाला चालू?"

"गाडी लावलीय ना!"

"मग गाडीनं सांगायचं, मी जेवतेय म्हणून."

त्यानं बटणापाशी कागद चिकटवला, 'हात लावू नये'. मला वाचता येतं, दुसरीपर्यंत शाळा झालीय. पण हाताला कुठं वाचता येतं?

त्याच आठवड्यात आमच्या जैन स्थानकात, म्हणजे धर्मस्थळात, साध्वीजी मुक्कामाला आल्या. पायी चाललेल्या, आज मंचर, उद्या नारायणगाव. त्यांच्यातल्या मोठ्या साध्वीजींनी, आम्ही त्यांना महाराजसाहेब म्हणतो, आमच्या घरची गोचरी, म्हणजे भिक्षा, घेतली होती तेव्हा संयम पाळण्यात होता. त्यानंतर आत्ता. माझ्या हातची एक पोळी त्यांच्या पात्रात पडावी, एवढंच मनात होतं. आता या गुडघ्यांवर पुढच्या खेपेचा काय भरवसा?

पण नियम कडक. साध्वीजींसाठी म्हणून घरात काही करायचं नाही, काही हलवायचं नाही. घरच्यांसाठी झालेल्या जेवणातलंच त्या थोडं घेतात. आणि त्यांच्यासाठी कुणी विजेचं बटण दाबलं, चालू केलं काय नि बंद केलं काय, की त्या आल्या पावली परत फिरतात. सकाळीच सगळ्यांना उभं करून मी बजावलं, "त्या दारात दिसल्या की कुणी बोट हलवायचं नाय!"

संयम म्हणाला, "वायर आधीच काढून ठेवू का?"

"आत्ता काढलीस तर त्यांच्यासाठीच काढलीस ना, शहाण्या? चाललंय ते चालू दे."

त्या आल्या. पांढरी वस्त्रं, हातात पात्रं. मी पुढं होऊन वंदन केलं. मोठ्या महाराजसाहेबांनी उंबऱ्यावरची वायर पाहिली, वस्त्र सावरलं आणि ओलांडायला पाय उचलला. माझ्या दारात एवढ्या तपस्वी बाईनं वायर ओलांडायची? मनात एवढं येतंय तोवर हात गेला.

खट.

गाडीवरचा हिरवा दिवा विझला. सून स्वयंपाकघराच्या दारात पोळ्यांचा डबा धरून तशीच.

"असूझतं झालं, सुमतीबाई," महाराजसाहेब हळूच म्हणाल्या. म्हणजे आता या घरचं घेता येत नाही. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "दया पाळा," एवढा नेहमीचा आशीर्वाद दिला आणि शेजारच्या घरी गेल्या.

मी भिंतीला टेकून बसले. संयम जवळ आला. वाटलं, समजूत काढेल.

"दादी, तो कागद जरा मोठ्या अक्षरात लिहायला पायजे होता."

"तोंड आवर, मेल्या. उद्या त्या नारायणगावला असतील. तुझ्या आत्याचं घर स्थानकाला लागूनच आहे. मला सकाळी तिथं पोचायचंय."

"मग एस.टी.नं जा. तिला प्लग लागत नाय, तूच म्हणत होतीस."

"एस.टी.ची पायरी माझ्या गुडघ्यांनी बघितलीय. तुझी गाडी काढ."

"कशी काढू? काल नाशिकहून आली ती पेंगतच. रात्री तू बटण बंद केलंस, आत्ता परत केलंस. जेवू कधी देतेस तिला?"

मी उठले. बटण माझ्या हातानं चालू केलं, हिरवा दिवा लागलेला बघितला. मग खुर्ची ओढून प्लगासमोर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. दिवसभर. पलीकडची लंकाबाई ताकाला आली, म्हणाली, "काय ओ सुमतीबाई, थंडी वाजतीय का?"

"गाडीला जेवू घालतेय," मी म्हटलं. "तू ताक घे आणि जा. त्या बटणाकडं बघू बी नको."

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. वाटेत साध्वीजी रस्त्याच्या कडेनं चालताना दिसल्या. संयमनं गाडी हळू केली, मी आतूनच हात जोडले. गाडीचा आवाज नाही हे पहिल्यांदा बरं वाटलं. तसं त्याला सांगितलं नाही.

माझ्या लेकीकडं, जागृतीकडं, रोजच्याच पोळ्या चालल्या होत्या. मी हातपाय धुतले आणि हात पदरात गुंडाळून बसले. जागृती म्हणाली, "आई, भाजी चाखून तरी बघ." मी मान हलवली. हाताचं मला काही खरं वाटत नव्हतं.

महाराजसाहेब दारात आल्या. मला बघून थबकल्या.

"सुमतीबाई, आज हात मोकळे आहेत ना?"

"कालपासून बांधूनच ठेवलेत, महाराजसाहेब."

त्या हसल्या आणि पात्र पुढं केलं. मी पदर सोडवला, पोळी घातली. हात गेला तो पात्राकडंच.

त्या पायरी उतरत नाहीत तोच बाहेरून संयम ओरडला, "आत्या, जाड प्लग कुठंय गं? दादीला परत न्यायचंय ना!"

"महाराजसाहेब गल्लीचं वळण ओलांडेपर्यंत गप उभा राहा," मी दातांतून म्हटलं. "मग मी दाखवते."

दाखवला. बटणही मीच दाबलं. मग पाट ओढून घेतला आणि जागृतीला म्हटलं, "वाढ आता. ती बी जेवतेय, मी बी जेवते."