ब्लँकेटची दोन टोकं

मी एक जुनं, करड्या लोकरीचं ब्लँकेट आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर गोळे आलेत हे खरं, पण म्हणून मला फडकं म्हणायचं काम नाही!

गिरणीतून मी रुग्णालयात आलं आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत नोकरीला लागलं. तिथे आमच्या डॉक्टर बाई संशोधन करत. भूछत्रापासून केलेल्या एका औषधाने मरणाची भीती कमी होते का, हे त्यांना पाहायचं होतं. औषधावर कायद्याने बंदी, म्हणून ते दोन कुलपांच्या कपाटात. परवानगीसाठी बाईंनी सहा वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. लोक म्हणत, ही बाई नशेचं दुकान काढणार. बाई म्हणत, बंदी ठेवा नाहीतर उठवा, पण आधी नीट तपासू तर द्या.

एकदा एक बसचालक काका आले. कर्करोग बरा होणार नव्हता. धास्तीने त्यांची झोप उडाली होती, घरात कुणाशी धड बोलत नव्हते. औषधाआधी बाई प्रत्येकाला विचारत, घाबरलात, तर मी हात धरलेला चालेल का? काकांनी कागदावर ठळक लिहिलं, नको.

औषधाचा अंमल चढला तसे ते माझ्याखाली थरथरू लागले. मग लहान मुलासारखे रडले.

"मॅडम, हात द्या ना."

बाईंचा हात पुढे आला आणि थांबला. अमलाखाली दिलेला होकार मानायचा नाही, हा नियम त्यांचाच. माझा तर जीव कासावीस झाला. बाईंचेही डोळे भरले होते.

"काका, ब्लँकेटचं हे टोक तुम्ही घट्ट धरा," त्या म्हणाल्या. "दुसरं मी धरते. मी इथेच आहे."

तीन तास दोघांनी मला सोडलं नाही. माझी कड उसवली ती तेव्हाच.

दोन महिन्यांनी काका गेले. त्यांच्या पत्नी मुद्दाम बाईंना भेटायला आल्या.

"उभ्या संसारात यांनी कधी माझा हात धरला नव्हता," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी सोडतच नव्हते."

बाई खूप रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, एका माणसावरून औषध चांगलं ठरत नाही, आणि आणखी रुग्णांवर तपासायच्या परवानगीचा अर्ज लिहायला बसल्या. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. खोली बंद आहे आणि मी घडी होऊन पडलंय.

मित्रांनो, औषधाचं काय ते जाणती माणसं तपासून ठरवतील, तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. पण जवळचं कुणी घाबरलेलं दिसलं, तर हात धरू का, असं विचारा. आणि नको म्हणालं, तरी उठून जाऊ नका.