माहीनचा मंगळ

मुलांना शब्द देताना आपण मोठी माणसं किती सैल असतो! "पुढच्या सुट्टीत नक्की नेईन," "उद्या आणतो हं," असं सहज बोलून जातो आणि विसरतो. मूल मात्र तो शब्द धरून बसतं. त्या शुक्रवारी कुवेत शहराच्या मिरकाब भागातल्या एका जुन्या इमारतीत माहीन अशीच सकाळपासून नवा फ्रॉक घालून बसली होती.

माहीन दहा वर्षांची. तिचे अब्बा मजीद शहराबाहेरच्या राई भागातल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करत. आई झुलेखा मूळची रत्नागिरीकडची. आज मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एका पुस्तकाचं प्रकाशन होतं आणि त्यात माहीनचं चित्र असणार होतं.

पुस्तक श्वेताचं. श्वेता पुण्याची, नवऱ्याच्या तेल कंपनीतल्या नोकरीमुळे कुवेतला आलेली. ग्रहताऱ्यांवर ती मुलांसाठी छान कविता लिहायची आणि मंडळात वाचून दाखवायची. सुरुवातीला मुलं चुळबुळ करत, आपसांत इंग्रजीत कुजबुजत. मग एके दिवशी तिने रंगपेट्याच मांडल्या आणि म्हणाली, "शब्द माझे, चित्रं तुमची. आपण सगळ्यांचं मिळून पुस्तक काढू या!"

त्या दिवसापासून मुलांचा नूरच बदलला. माहीनला तर मंगळाची कविता तोंडपाठ झाली होती:

मंगळावर धूळ उडे,
आमच्याकडेही धूळ उडे;
सांग आई, कुठली माती
माझ्या खिडकीवरती पडे?

धुळीच्या वादळामुळे शाळा बंद होती, त्या दिवशी तिने चित्र काढलं. तांबड्या धुळीत अर्धे बुडालेले निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पाण्याचे टॉवर, आणि एका टॉवरला टेकून डोळे चोळत बसलेला मंगळ. श्वेता म्हणाली होती, "हा मंगळ मला कधी सुचलाच नसता!"

प्रकाशन झालं, टाळ्या झाल्या. माहीनने पुस्तक उघडलं. मंगळाच्या पानावर सोनेरी केसांचा एक मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता. खिडकीबाहेर सूचिपर्णी झाडं होती. माहीनने पुस्तक शेवटपर्यंत चाळलं आणि पुन्हा पहिल्यापासून चाळलं.

"अम्मी, माझं कुठे आहे?"

झुलेखा तिला घेऊन श्वेताकडे गेली. श्वेताच्या हातात फुलांचा गुच्छ होता, भोवती फोटो काढणारे.

"अगं, मुलांची चित्रं छपाईत नीट उठेनात," श्वेता हसत म्हणाली. "मग कॉम्प्युटरकडूनच करून घेतली. बघ ना, कशी प्रोफेशनल दिसतात! माहीन, तू ड्रॉइंग सोडू नकोस हं." आणि तिने माहीनच्या गालावर टिचकी मारली.

"आंटी, माझं चित्र परत देता?"

सगळ्या मुलांची चित्रं श्वेताच्या गाडीच्या डिकीत निघाली, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याखाली. ओल लागून कागद एकमेकांना चिकटले होते. सोडवताना मंगळाचा अर्धा चेहरा दुसऱ्याच कागदावर गेला.

माहीन रडली नाही. घरी येऊन तिने फ्रॉक बदलला आणि आईजवळ येऊन विचारलं, "अम्मी, माझ्या नावामुळे काढलं का?"

झुलेखा पीठ मळत होती. तिचे हात थांबले. "नाही" म्हणायला तिने तोंड उघडलं. पण तिला तरी कुठे ठाऊक होतं? आधी कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि छपाईचं कारण खरं की नुसतं सांगायचं, कुणास ठाऊक.

"जाऊ दे गो," मजीद म्हणाला. "परक्या मुलखात माणसं तोडायची नसतात."

"मी कुठे तोडली? पण पोरीच्या मनात आज हे आलंय. मी गप्प बसले तर ते तिथेच राहील."

तिने मंडळाच्या अध्यक्षांना, राजाभाऊंना फोन लावला. राजाभाऊ नाशिकचे, इकडे पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनिअर. स्वतःच्या दुर्बिणीतून ते मुलांना शनीची कडी दाखवायचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला आणि श्वेतालाही घरी बोलावलं.

श्वेता आली ती वैतागूनच. "एवढं काय झालं, राजाभाऊ? पुस्तक चांगलं निघावं म्हणूनच केलं ना मी? आणि कविता माझ्या आहेत."

"कविता तुमच्याच आहेत," राजाभाऊ शांतपणे म्हणाले. "चित्रं कुठली घ्यायची, हेही तुम्ही ठरवू शकला असता. पण तुम्ही मुलांना 'आपलं पुस्तक' म्हणालात. मग ठरवताना त्यांना का नाही विचारलंत?"

"लहान मुलं आहेत हो! विसरतील."

"लहान आहेत म्हणूनच! मोठ्या चित्रकाराला शब्द दिला असता, तर असं न सांगता बदललं असतं का? त्याला फोन केला असता, माफी मागितली असती. मुलं भांडायला येत नाहीत, म्हणून आपण त्यांना दिलेला शब्द मोडतो. आणि तुमच्या कवितेतली धूळ आपल्या खिडकीवरची आहे, श्वेताताई. हे छापलेलं चित्र कुणाच्या खिडकीतलं आहे?"

तेव्हा झुलेखा म्हणाली, "ताई, माझ्या पोरीने मला काय विचारलं, सांगू? 'माझ्या नावामुळे काढलं का?' मी काय उत्तर द्यायचं, तेवढं सांगा."

श्वेताचा चेहरा पांढरा पडला. "नाही हो! देवाशपथ, असलं मनातसुद्धा नव्हतं!"

"तुमच्या मनात नसेल. पण आता तिच्या मनात आहे."

श्वेताला रडू कोसळलं. आपण एक चित्र बदललं असं ती समजत होती. त्या न सांगितलेल्या जागेत एका मुलीने काय भरून घेतलं होतं!

ती तशीच झुलेखाबरोबर मिरकाबला गेली. माहीन दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. श्वेता तिच्यासमोर खाली जमिनीवर बसली.

"माहीन, मी तुला शब्द दिला आणि मोडला. तुला सांगितलंही नाही. तुझं चित्र वाईट नव्हतं, तुझ्या नावाचाही काही संबंध नव्हता. मला घाई होती आणि झगमगीत पुस्तक हवं होतं. चूक माझी. हे पुस्तक मी आता कुणाला देणार नाही. तुमची चित्रं घालून नवं काढू. काढशील पुन्हा?"



"माहीत नाही," माहीन म्हणाली. "पण आलोकला आणि साकिबला पण सांगा. आलोकला वाटतंय, त्याचं गुरूचं चित्र घाण होतं म्हणून काढलं."

श्वेताला मान वर करवेना. मोडलेला विश्वास एका माफीने सांधला जात नाही, हे तिला त्या दारात कळलं. ती उठली आणि त्याच दिवशी आलोकच्या घरी गेली, मग साकिबच्या, मग उरलेल्या प्रत्येक मुलाच्या. पुढच्या बैठकीत तिने सगळ्या पालकांसमोर आपली चूक कबूल केली. मुलं पुन्हा रंग घेऊन बसली. माहीन दोन बैठका आलीच नाही. तिसऱ्या बैठकीला आली, मागच्या कोपऱ्यात बसली, आणि श्वेताला दिसणार नाही अशा बेताने कागदावर तांबडा रंग लावू लागली. श्वेताने ते पाहिलं. पण ती जवळ गेली नाही. बोलावलं जाईपर्यंत थांबायचं, असं तिने ठरवलं होतं.

मंडळी, आपल्या मुलांना आपण आकाशाएवढी स्वप्नं दाखवतो, ते चांगलंच आहे. पण त्यांच्या हातून घेतलेलं काम आणि त्यांना दिलेला शब्द मोठ्यांच्या कामाइतकाच, मोठ्यांच्या शब्दाइतकाच मोलाचा माना. शब्द पाळता येत नसेल, तर निदान त्यांच्यासमोर बसून तसं सांगा. मूल नकार पचवतं. फसवणूक त्याला पचत नाही.