फांदीआडचा हात

आर्यानं हॉलच्या भिंतीवर एक लांबलचक कागद चिकटवला होता. त्यावर पेन्सिलीची एकच रेघ. आधी जमिनीलगत सरपटणारी, मग हळूहळू चढणारी आणि अगदी शेवटी उसळी मारणारी.

दिनकरांनी ती पाहून विचारलं, "कुणाचा ईसीजी? पेशंट जगला की गेला?"

"जगला, बाबा. तभी तो ऊपर गई है."

ती रेघ म्हणजे तिच्या अठरा मिनिटांच्या थ्री-डी सिनेमातली खोली, चित्र किती आत-बाहेर दिसणार ते. दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवायचे, आपल्या दोन डोळ्यांसारखे. काळा चष्मा घालून पाहिलं की सपाट पडद्याला आत-बाहेर फुटतं. इतर लोक या युक्तीनं प्रेक्षकांच्या अंगावर भाले नि भुतं सोडतात. आर्याला गोष्ट सांगायची होती, एका घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या बाप-लेकीची. अबोला असेपर्यंत कॅमेरे अगदी खेटून, म्हणजे माणसं कॅलेंडरवरच्या चित्रासारखी चपटी. अबोला विरत जाईल तसं कॅमेऱ्यांमधलं अंतर वाढणार, आंगण उघडत जाणार. पडद्याबाहेर मात्र एकदाच काहीतरी येणार: मलिहाबादच्या बागेत पानांआडून बाप दशहरी आंबा पुढे करतो, तो हात.

"सतरा मिनिटं काहीच बाहेर काढणार नाही, आई," ती म्हणाली होती. "बस, हा एक हात."

बापाचं काम दिनकरांचं. उभं आयुष्य औषध संशोधनात गेलेला माणूस. पण फुकटात मिळालेला नट म्हणून पहिल्याच दिवशी स्वतःची खुर्ची मागून घेतली.

आणि मी? मी आर्याची परीक्षक. शूटिंगचा प्रत्येक तुकडा ती मला चष्मा लावून दाखवायची. "तू आम पब्लिक आहेस, तुझ्या डोळ्यांवर माझा भरोसा. सांग, आंगण कुठवर गेलं?"

मी म्हणायची, "लांब गं. पार लांब."

सगळं अंदाजानं. कारण ती खोली मी जन्मात पाहिलेली नाही. माझा डावा डोळा लहानपणापासून झोपलेला. बाहेरून धडधाकट, आतून धुकं. वाईला मला बघायला पाहुणे आले तेव्हा आई म्हणाली होती, मान खाली ठेव, कुणी विचारायचं नाही. कुणी विचारलं नाही. लग्न झालं, लखनौ आलं, विकास नगरचं घर आलं, बँकेतली अठ्ठावीस वर्षं सरली. चहा ओतताना मी कपाच्या काठाला बोट लावते. जिना उतरताना पाय आधी चाचपतो. त्यात लपवण्यासारखं काय होतं, आता आठवतही नाही. पण लपवलेली गोष्ट जुनी झाली की तिच्यावरच घर उभं राहतं, हलवायची कशी?

जुलैतली दुपार होती. पडदे ओढलेले, दिवाणखान्यात भाड्यानं आणलेला मोठा टीव्ही. सिनेमा परवा महोत्सवाला पाठवायचा होता आणि शेवटचा शॉट नुकताच जोडून झाला होता. आम्ही चौघं चष्मे लावून बसलो: मी, दिनकर, आर्या आणि तिचा कॅमेरामन श्रीरंग. तोही इकडचाच मराठी, वडील जानकीपुरममध्ये राहतात. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत.

सतरा मिनिटं छान गेली. मग बाग आली. पानं, पानांमागे दिनकरांचा चेहरा, आणि आंबा घेऊन पुढे येणारा हात.

दिनकरांनी चष्मा ओढून काढला. "आई गं! भोवळ येतेय."

"भैया, यह क्या हो गया?" आर्या श्रीरंगवर वळली. "हात बाहर नहीं आ रहा, अंदर जा रहा है. भिंतीला भोक पडल्यासारखा!"

श्रीरंगनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. त्यानं डोळे चोळले. "उस दिन कैमरों का गॅप सबसे ज़्यादा रखा था. लगता है ज़्यादा ही हो गया. अब कुछ नहीं हो सकता."

"पुन्हा काढू," दिनकर म्हणाले.

"कशावर काढू, बाबा? बाग उतरवून झाली. आता फळ पुढच्या जूनला."

 मग श्रीरंग हळूच म्हणाला, "एक ही कैमरे का ले लेते हैं. फ्लॅट रहेगा, पर साफ़ रहेगा."

"फ्लॅट?" आर्यानं भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं. "शेवटीच फ्लॅट? म्हणजे बाप-लेक पुन्हा कॅलेंडरवर?" तिचा आवाज फाटला.

माझ्यातली आई पुढे झाली आणि नेहमीचं बोलून गेली. "अगं, पण छान दिसतंय की."

ती माझ्याकडे वळली. "छान? आई, तुझे डोळे नाही दुखले?"

"नाही."

"आम्हा तिघांचं डोकं फिरलंय आणि तुला काहीच नाही?"

आता होतं ते एकच वाक्य. पस्तीस वर्षं मान खाली घालून जपलेलं. मी ते गिळलं असतं तर तो हात ठेवायचा की सपाट करायचा, हे तिनं माझ्या खोट्या 'छान'च्या भरवशावर ठरवलं असतं.

"आर्या, मला एकाच डोळ्यानं दिसतं," मी म्हणाले. "लहानपणापासून. ते आंगण मी कधी पाहिलंच नाही. अंदाजानं सांगत होते."

टीव्हीवर हात अडकून पडला होता. दिनकरांचं तोंड उघडंच.

"आणि ते कपाला बोट लावतेस ते?" त्यांनी विचारलं. "मला वाटायचं, चहा गरम आहे का बघतेस!"

"पस्तीस वर्षं रोज गरमच असतो हो चहा. एवढे उंदीर तपासलेत, एक बायको तपासवली नाही?"

श्रीरंग फिसकन हसला आणि लगेच "सॉरी काकू" म्हणाला. आर्या हसली नाही. ती माझ्या पायाशी येऊन बसली. मला वाटलं, आता विचारेल, मग इतके दिवस फसवलंस का. पण तिनं भलतंच विचारलं.

"मग तुला जवळचं-लांबचं कळतं कसं?"

"जे झाकतं ते जवळ, जे झाकलं जातं ते लांब," मी म्हणाले. "रस्ताही तसाच ओलांडते. आता बघ, ही पानं बाबांच्या गालावर आलीत, म्हणजे ती पुढे. यात कळायला काय अवघड?"

"पानं पुढे?" आर्यानं चष्मा लावून पाहिलं. "आई, हमें तो पत्ते पीछे दिख रहे हैं. चेहऱ्याच्या मागे. आणि तरी चेहरा झाकतायत." ती थबकली. "हे अंतर जास्त झाल्यानं नाही होणार. हे तर उलटं झालंय. पुढचं मागे, मागचं पुढे..."

"डावा-उजवा बदल गए?" श्रीरंग म्हणाला. "पर मैंने तो कैमरों पर लगे लेफ्ट-राइट के स्टिकर देख के ही लगाया है."

"त्या दिवशी कॅमेऱ्यांची फळी कुठे बांधली होती?" आर्यानं विचारलं.

श्रीरंगनं कपाळावर हात मारला. फांदी इतकी खाली होती की स्टँड बसेना. म्हणून कॅमेऱ्यांची फळी त्यांनी फांदीलाच उलटी टांगली होती. घरी येऊन चित्रं सुलटी केली. स्टिकर मात्र तसेच राहिले. फळी उलटी झाली की डावा कॅमेरा उजवीकडे जातो, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. रोज सकाळी शीर्षासन करणाऱ्या दिनकरांच्याही नाही.

श्रीरंगनं डाव्या-उजव्या चित्रांच्या नावांची अदलाबदल केली. फोडणीला मोहरी तडतडायला लागते तेवढाच वेळ.

"लावा चष्मे," आर्या म्हणाली. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता, गार.

मी चष्मा लावला नाही. पडदा मला तसाच दिसणार होता. मी त्या तिघांकडे पाहत राहिले. मला सुईत दोरा ओवून देताना माझी आई एक ओवी पुटपुटायची, माझ्यासाठीच रचलेली. माणसांत जे झाकायला सांगितलं, ते तिनं मला एकटीला गाऊन ठेवलं होतं:

*दोन माझे डोळे, एक झोपला, एक जागा,*
*जागल्यानं ओवला गं झोपल्याचा धागा.*

बाग आली असावी. श्रीरंगच्या तोंडून "ओहो" निघालं. आर्याची बोटं माझ्या गुडघ्यावर सैल झाली, उबदार झाली, आणि ती चष्म्याखालून रडू लागली, मोकळं, आवाज न करता. दिनकर पुढे सरकले. मग खुर्चीच्या टोकावर आले. आणि टीव्हीच्या अलीकडे, अगदी रिकाम्या हवेत, त्यांनी हात पुढे केला.

"अहो," मी म्हणाले, "स्वतःच्याच हातातला आंबा घेताय?"

त्यांनी हात मागे घेतला नाही. "हेमा, इथे आलाय तो," ते म्हणाले. "हे बघ, इथवर."

मी उठले आणि त्यांच्या बोटाला बोट लावलं. जसं कपाच्या काठाला लावते तसं.

"हो," मी म्हणाले. "आता कळलं कुठवर."