कानाने लावलेला बास

गाडीत सबवूफर बसवायचं काम त्या गॅरेजात दोघं करत, पण शेवटचा स्क्रू फिरवायचा मान एकाचाच होता. गिऱ्हाइकं त्याला कानसेन म्हणत. दुकानाच्या पाटीवर वेगळंच नाव होतं, पण ती पाटी कोणी वाचत नसे. लाकडी खोकं बनवणं, ते डिक्कीत घट्ट बसवणं, बॅटरीपासून मागेपर्यंत जाड वायर पायपुसण्यांखालून ओढणं, अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून धातू उघडा करणं, ही कामं मेहुण्याकडे होती. बायकोचा हा धाकटा भाऊ कॉलेज अर्धवट सोडून त्याच्याकडे आला होता आणि जे काही येत होतं ते भाऊजींकडूनच शिकला होता. जोडणी झाली की तो बाजूला होई आणि कानसेन मागच्या सीटवर डोळे मिटून बसे.

अँप्लिफायरवर गेनचा एक लहानसा स्क्रू असतो. पुष्कळांना तो आवाज वाढवायचा वाटतो, म्हणून ते तो पुरता उघडतात. खरं तर पुढच्या स्टिरिओतून येणारा सिग्नल किती ताणायचा, एवढंच त्याने ठरतं. फार ताणला की आवाज फाटतो, आणि फाटका आवाज बराच वेळ वाजत राहिला की वूफरच्या आतली कॉइल जळते. कानसेन एक खोल, सलग सूर लावून तो स्क्रू हळूहळू पुढे नेई. सूर खरखरला की केसभर मागे घेई. मीटर होता दुकानात, पण तो वायर तपासण्यापुरता. आवाज मीटरने लावणं म्हणजे जेवणाची चव तराजूने बघण्यासारखं आहे, असं तो म्हणे. मग स्क्रू आणि शेजारचा पत्रा दोन्हींवर येईल असा बायकोच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका देई. ठिपका तुटलेला दिसला की समजायचं, कोणीतरी हात लावलाय.

विमानतळाची भाडी मारणारी एक बाई फ्यूज बदलायला आली, तेव्हा त्याने सहज अँप्लिफायरचं झाकण उघडलं. ठिपका होता, पण नवा होता. त्याच्या शेजारी जुन्या ठिपक्याची अर्धी लाल कड राहिली होती. स्क्रू त्याने लावला होता त्यापेक्षा बराच मागे फिरवलेला होता. बाईला विचारलं, तर ती म्हणाली की तिने झाकण काय, डिक्कीतला गालिचाही उचललेला नाही, आणि बास तर इतका छान आहे की उतारू उतरायला तयार होत नाहीत.

कानसेनच्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन जुन्या गाड्या काही ना काही कामाला आल्या. दोन्हींचे स्क्रू मागे, दोन्हींवर नवे ठिपके. आता त्याच्याशिवाय स्क्रूड्रायव्हर आणि नेलपॉलिश दोन्ही हाताशी असणारा माणूस जगात एकच होता.

घरी त्याने बायकोला एवढंच सांगितलं की तुझा भाऊ वेगळं दुकान टाकायच्या बेतात दिसतोय. आधी माझं काम नासवायचं, मग गिऱ्हाइकं म्हणणार म्हाताऱ्याचा कान गेला, म्हणजे ह्याला रान मोकळं. ती म्हणाली, त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायचा कंटाळा, तो दुकान कुठलं टाकतोय. पण भावाचा विषय निघाला की ती एरवी जसं घर डोक्यावर घेई तसं तिने घेतलं नाही. हे त्याच्या लक्षात आलं. का, ते मात्र आलं नाही.

एका दुपारी दातांच्या डॉक्टरची छोटी गाडी तयार झाली. मागे दोन वूफर, मोजून बनवलेलं खोकं, एक वायर दिसेल तर शपथ. डॉक्टर पाचला येणार होता. कानसेनने नेहमीप्रमाणे डोळे मिटून गेन लावला, ठिपका दिला, चहाला जाऊन येतो म्हणाला आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परतला. मेहुणा डिक्कीत अर्धा आत शिरला होता. बाहेर फक्त पाय दिसत होते.

"फिरव. थांबलास का? माझ्यासमोर फिरव."

मेहुणा बाहेर आला. हातात स्क्रूड्रायव्हर. कानसेनने त्याला काय काय ऐकवलं ते सगळं लिहिण्यात अर्थ नाही. खाल्ल्या मिठाचा उल्लेख झाला, अर्धवट सोडलेल्या कॉलेजचाही झाला. मेहुण्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला की मध्यंतरी जळलेल्या कॉइलचे वूफर परत आले होते ना, ते कंपनीचा माल खराब निघाला म्हणून नव्हते. तसं आपण सांगितलं होतं. गेन वर होता. सगळ्यांचाच.

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

"कसं सांगू, भाऊजी? फाटका आवाज कसा असतो ते तुम्हीच मला ऐकवलंत. आता तुम्हालाच सांगू, की फाटतोय?"

कानसेन हसला. तो मागच्या सीटवर जाऊन बसला आणि म्हणाला, लाव सूर, तू फिरव, फाटला की मी हात वर करतो. बघू कोणाचे कान कुठे गेलेत.

सूर लागला. गाडीचा आरसा थरथरू लागला, पाठीला तो ओळखीचा दाब आला. मेहुणा स्क्रू पुढे नेत होता. कानसेनला सूर गोल वाटत होता, भरलेला, थोडा आणखी चालेल असा. त्याने डोळे मिटले नव्हते, कारण त्याला आरशातून मेहुण्यावर नजर ठेवायची होती. म्हणून त्याला दारात डबा घेऊन आलेली बायको दिसली. तिने डबा जमिनीवर ठेवला होता आणि दोन्ही हातांनी कान गच्च दाबून धरले होते. मेहुण्याचाही चेहरा वेडावाकडा झाला होता. आणि कानसेनचा हात अजून मांडीवरच होता.

मग तापलेल्या लाखेसारखा वास आला. वास त्याला बरोबर आला. त्याने हात वर केला.

मेहुण्याने सूर बंद केला. बायको शेजारी येऊन बसली. तिने सांगितलं की गाडी चालवताना त्याचा इंडिकेटर वळण झाल्यावरही घरापर्यंत चालू राहतो. टिकटिक त्याला ऐकूच येत नाही. आधी तिला वाटलं, विसरतो.

"किती दिवस?"

"दिवाणखान्याचे पडदे बदलले, त्याच्या आधीपासून."

"आणि तुम्ही दोघं मिळून मला सांभाळत होतात."

"मग काय रस्त्यावर टाकायचं होतं?" ती म्हणाली.

जाड आवाज कानसेनला अजून सगळे येत होते. गेले होते ते बारीक, आणि फाटण्याची खूण नेमकी त्या बारीक खरखरीत असते. हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एवढी वर्षं लोक त्याचं बोट बघायला येत नव्हते, कान बघायला येत होते. घड्याळ चारच्या पुढे गेलं होतं. त्याने विचारलं, कॉइल गेली का. मेहुण्याने मीटर लावून सांगितलं की वाचली.

"बस मागे," कानसेन म्हणाला. "तू ऐक. मी फिरवतो."

मेहुणा बसला. कानसेनने स्क्रू पुरता मागे नेला आणि सूर लावला. या वेळी तो सुराकडे नाही, आरशातल्या मेहुण्याच्या कपाळाकडे बघत होता. स्क्रू पुढे, आणखी पुढे. भुवयांच्या मध्ये एक बारीकशी आठी उमटली, मेहुण्याला स्वतःला कळायच्या आत. कानसेन थांबला आणि केसभर मागे आला. हाताला सवय होती. हात कुठे गेला नव्हता.

डॉक्टर पाचला आला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सगळे विचारत तेच विचारलं, की आवाज कानसेनने स्वतःच लावलाय ना. मेहुणा होकाराची मान हलवणारच होता.

"ऐकलं ह्याने," कानसेन म्हणाला. "फिरवलं मी. बसून बघा."

डॉक्टर जरा घुटमळला, पण बसला. त्याने त्याचं आवडतं गाणं लावलं. काचा घुमल्या. थोड्या वेळाने काच खाली करून, सगळे करत तशी त्यानेही विनवणी केली, की थोडंसं आणखी मिळालं असतं तर.

कानसेनने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने मान आडवी हलवली.

"नाही मिळणार, डॉक्टर," कानसेन म्हणाला. "हा नाही म्हणतोय."