कृष्णातच्या छातीचे माप

मी एक जुनी मापाची टेप आहे. मित्रांनो, माझे आकडे आता पुसट झाले आहेत, पण एक आकडा मला विसरता येत नाही.

तासगावात एका शिंप्याच्या गळ्यात मी वावरले. पोलकी, सदरे मापले, कौतुकही पुष्कळ झाले. १९७४ साली पलटणीतून निवृत्त झालेल्या हवालदार आकारामने मला विकत नेले. त्याला आपल्या एकुलत्या एका मुलाला, कृष्णातला, सैन्यात धाडायचे होते. भरतीला छाती फुगवून बत्तीस इंच लागे आणि कृष्णातची तीसवरच अडलेली.

दर सोमवारी आकाराम मला त्याच्या छातीभोवती आवळी. आकडा कमी भरला की पाठीवर निरगुडीचा ओला फोक बसे. मी अंगालाच लागून असे, म्हणून प्रत्येक फटका मला कळे.

दिवाळीनंतर आकडा चढू लागला. साडेतीस. एकतीस. आकाराम पारावर मिशीला पीळ देऊन सांगे. मला मात्र खटकत होते. उजवीकडे मी सैल पडायची आणि डाव्या खाकेखाली ताणायची. तिथे मांसात गाठ धरली होती; आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. पण टेपला तोंड कुठले!

"आबा, हितं लय ठणकतंय," कृष्णात एकदा म्हणाला.

"जोर मारल्यावर ठणकायचंच. अंग धरतंय तुझं. जवान कवा कण्हतो व्हय रं?"

"आवं, पोराचं त्वांड तरी बघा!" आई तानुबाई मध्ये पडली, तर फोक तिच्यावरही चालला. त्या दिवसापासून कृष्णात दुखण्याबद्दल बोललाच नाही.

साताऱ्याच्या भरतीत तो साडेबत्तीस भरला. आकाराम छाती काढून हसला. मग डॉक्टरांनी त्या गाठीवर हात ठेवला आणि कृष्णातला रांगेतून बाजूला काढले.

मिरजेच्या दवाखान्यात कळले की तो मांसातच वाढणारा कर्करोग होता, लाखात एखाद्याला होणारा. तो फुप्फुसातही उतरला होता. "सहा महिने आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांपूर्वी आकाराम पारावर माझा आकडा सांगत होता.

कृष्णात त्याच वर्षी आखाड महिन्यात गेला.

मित्रांनो, मला कोनाड्यात धूळ खाऊ द्या, माझी तक्रार नाही. पण कुणाचे माप घ्याल तेव्हा 'दुखतंय का?' एवढे विचारा, आणि खरे सांगणाऱ्याला मारू नका. आकारामनेही विचारले होते, कृष्णात जाण्याच्या अगदी आदल्या दिवशी, खाटेशी बसून, मला मुठीत चुरगाळत.

"लय दुखतंय का रं?"

कृष्णातने ओठ आवळले आणि होती नव्हती तेवढी छाती फुगवली.

"न्हाई, आबा."