अर्धं दुकान

नवा भाडेकायदा आला तेव्हा बेल्ह्याच्या यमाजींना वाटलं, आपल्या दुकानातला जुना भाडेकरू आपोआप निघाला. त्यांनी पेढेही वाटले. पण वकील म्हणाले, "जुन्या भाडेकरूंचं संरक्षण कायम आहे. तुमची गरज कोर्टात दाखवा." यमाजी दाव्याच्या तयारीला लागले आणि दुकानात मृदंग मढवणाऱ्या जालिंदरशी त्यांचं बोलणं थांबलं.

सप्ताहात मात्र यमाजी टाळकरी, जालिंदर मृदंगावर. कीर्तन असं रंगलं की दोघं भान विसरले. संपल्यावर रीतीप्रमाणे एकमेकांच्या पाया पडायला वाकले.

"भाऊ, मला काढताय कशापायी?"

"सुनंला शिलाईचं दुकान टाकायचंय."

"मग अर्धं घ्या की राव. आधी बोलायचं व्हतं."

यमाजींनी त्याला मिठीच मारली आणि बायकांत बसलेल्या सुनेला हाक दिली, "आशा, मृदंगाचा आवाज चालंल का गं?"

"चालंल मामंजी. मशीन तालावर चालवीन."