घासाला कोण शिवलं?

इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या घराच्या मागच्या गार्डनमध्ये यतीन सकाळपासून येरझाऱ्या घालत होता. बाबांना जाऊन वर्ष झालेलं, आज पितृपक्षातली त्यांची तिथी, आणि शेडच्या पायरीवर ठेवलेल्या घासाला कावळा काही शिवेना. समोरच्या मैदानात ढीगभर कावळे होते, पण मेल्यांना वडा म्हणजे काय ते ठाऊक असेल तर ना! तिकडे नागपूरला आई उपाशी. कावळा शिवल्याचा फोन गेल्याशिवाय ती पानावर बसणार नव्हती.

"अडलंय कुठे ते तुला चांगलं माहितीये," त्याची बायको वरदा दारातून म्हणाली. "गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही. म्हणून टाक ना एकदाचं, परत येतो म्हणून!"

बाबा दर फोनवर तेच विचारायचे, 'परत कधी येता?' आणि हा दरवेळी 'नेक्स्ट इयर' म्हणायचा. आजही त्यानं हात जोडून बाकी सगळं कबूल केलं. आईला इकडे आणतो, दरवर्षी भेटायला येतो. पण परत यायचं म्हटलं की जीभच रेटेना.

एवढ्यात तांबड्या छातीचा रॉबिन कुंपणावरून उतरला. घासाभोवती नाचला, एक लकेर घेतली आणि चोचही न लावता भुर्रकन उडाला. मागोमाग शेडखालून रानउंदीर निघाला. त्याला ना नाच, ना गाणं. त्यानं वडा धरला आणि ओढत आत नेला.

"झालं बाई!" वरदा म्हणाली.

"झालं काय? उंदीर कसा चालेल? पक्षी हवा!"

"त्या पक्ष्यानं काय दिवे लावले? दोघंही मुठीत मावतील एवढे. त्याला नुसता गळा, याला भूक तरी आहे. शिवाय गणपतीचं वाहन आहे."

यतीनला हसू येईना. तळमळतच त्यानं फोन लावला.

"काय करून राहिला रे इतका वेळ?" आईनं विचारलं.

"पक्षी आला होता गं, पण शिवला नाही. उंदरानं नेला."

"तू त्यांना परत येतो म्हणालास?"

"नाही."

आई म्हणाली, "चल, सुटलास बाबा. ते कबूल न करवताच जेवले तुझे बाबा. आता मीही नाही विचारणार, परत कधी येता म्हणून. जेवून घ्या तुम्ही."

"असं नको ना आई. विचार ना गं!" तो ओरडलाच.

पण पान वाढून घ्यायला तिनं फोन ठेवला होता.